हजार यार्डांवरून हरीण टिपणारं यंत्र: लेझर रेंजफाइंडरच्या खोक्यावरचा आकडा का फसवतो आणि अमेरिकेत त्यावरून वाद का पेटलाय?

तुमच्या फीडमध्ये हे रील कधी ना कधी येऊन गेलं असणार. डोंगराच्या कडेला एक माणूस पालथा पडलाय, समोर दोन पायांच्या स्टँडवर टेकवलेली रायफल. शेजारचा सोबती दुर्बिणीसारखं काहीतरी डोळ्याला लावतो आणि एक आकडा बोलतो, "सेव्हन एटी". पहिला माणूस स्कोपवरची चकती कट-कट-कट फिरवतो. गोळी सुटते. जवळपास एक सेकंद काहीच होत नाही आणि मग दरीपलीकडचं एल्क, म्हणजे आपल्या सांबराच्या घराण्यातलं पण अंगाने त्याहून थोराड जनावर, जागेवर बसतं.

खाली कमेंटमध्ये दोन तट पडलेले असतात. एक म्हणतो, काय नेम आहे राव. दुसरा म्हणतो, ही कसली शिकार, हा तर व्हिडिओ गेम झाला.

रीलमध्ये भाव खाऊन जाते रायफल. पण सातशे ऐंशी यार्डांवरची ती गोळी शक्य झाली ती सोबत्याच्या हातातल्या डबीमुळे. तिचं नाव लेझर रेंजफाइंडर. अमेरिकेत शिकारीला जाणाऱ्यांच्या सामानात ती आता नेहमीची झालीय, आणि कोणती घ्यायची यावर तिकडे मोबाईल घेताना होतो तेवढा खल होतो. हे यंत्र चालतं कसं, विकताना लोकांना गंडवलं कुठे जातं आणि तिथली राज्यं आता यात हात का घालतायत, ते बघू.

त्याआधी एक गोष्ट सरळ सांगून टाकू. भारतात छंद म्हणून शिकार करणं हा गुन्हा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद केली आणि अनुसूची एकमधल्या प्राण्याला मारलं तर किमान तीन ते कमाल सात वर्षांची कैद आहे. पिकांत घुसणाऱ्या रानडुकरांसाठी आणि रोह्यांसाठी वन खात्याच्या परवानगीची वेगळी वाट आहे, पण ती शेतकऱ्याची अडचण म्हणून, हौस म्हणून नाही. त्यामुळे पुढचं सगळं वाचायचं ते अमेरिकेच्या संदर्भात. आपला संबंध कुठे येतो ते शेवटी येईलच, आणि तो थोडा अनपेक्षित आहे.

पन्नास मीटर चुकले तर असं काय होतं?

स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ जिंकलं ते 50 मीटर रायफल प्रकारात. तिथे दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटरचं असतं. पण अंतर मात्र ठरलेलं. आज 50, उद्या 50, म्युनिकमध्ये 50 आणि पुण्यातही 50. कोल्हापूरच्या या पठ्ठ्याला रेंजफाइंडर कधी लागलाच नाही, कारण त्याच्या खेळात हा प्रश्नच उद्भवत नाही.

जंगलात नेमका हाच प्रश्न पहिला येतो. समोरचं जनावर किती लांब आहे? आपल्याकडे जुनी माणसं "हाकेच्या अंतरावर" म्हणायची. ते माप हाक मारायला ठीक होतं. गोळीला मात्र चालत नाही, कारण नळीतून बाहेर पडल्या क्षणापासून गोळी खाली पडायला लागते, आणि जितकी लांब जाईल तितकी जास्त वेगाने पडते.

उदाहरण घेऊ 6.5 क्रीडमूर या तिकडे खूप चालणाऱ्या काडतुसाचं. रायफल शंभर यार्डांवर बरोबर जुळवून ठेवलीय असं धरा. मग 150 मीटरवर गोळी साधारण पाच सेंटिमीटर खाली लागते. 500 मीटरवर सुमारे पावणेदोन मीटर खाली. 900 मीटरवर सात मीटरपेक्षा जास्त, म्हणजे दोन मजली घराएवढी. हे आकडे गोळीच्या वजनाप्रमाणे, वेगाप्रमाणे आणि हवेप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतात, पण अंदाज यायला पुरेसे आहेत.

म्हणून शिकारी स्कोपवरची चकती फिरवून नेम तेवढा वर उचलतो. आता समजा त्याने डोळ्यांनी अंदाज बांधला 500 मीटर आणि हरीण होतं 550 वर. गोळी साधारण 27 सेंटिमीटर खाली लागणार. हरणाच्या छातीतला मर्माचा भाग, म्हणजे हृदय आणि फुप्फुसं, वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या घेरात मावतो. नेम त्याच्या मध्यावर धरलेला असेल तर सुरक्षित चूक फार तर दहा-बारा सेंटिमीटरची. सत्तावीस म्हणजे गोळी पोटाखालून गेली किंवा पुढचा पाय मोडला.

पोटाखालून गेली तर हरीण वाचलं. पाय मोडला तर ते तीन पायांवर दरीत उतरतं आणि कुणाच्या हाती न लागता कुठेतरी दोन-चार दिवसांनी मरतं. शिकारीच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही ही गोष्ट सलते. तीच पन्नास मीटरची चूक शंभर-दीडशे मीटरवर झाली असती तर पाच सेंटिमीटरचा फरक पडला असता आणि कुणाला कळलंही नसतं.

दरीपलीकडचं अंतर माणसाच्या डोळ्याला हमखास चकवतं. मध्ये पोकळी असली की समोरचं जवळ वाटतं, संध्याकाळच्या अंधुक उजेडात लांब वाटतं. सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. "तो काय, समोरच तर आहे सुळका" म्हणता म्हणता तीन तास जातात.

डबीच्या आत काय चालतं?

तत्त्व साधं आहे. डबी लेझरची एक अतिशय छोटी झलक सोडते, ती समोरच्या वस्तूवर आपटून परत येते आणि जाऊन यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं. प्रकाश एका नॅनोसेकंदात 30 सेंटिमीटर जातो. एक किलोमीटर लांबच्या डोंगरावर जाऊन यायला त्याला सेकंदाचा दीड लाखावा हिस्सा लागतो. एका मीटरची अचूकता हवी असेल तर घड्याळाला सहा-सात नॅनोसेकंदांचा फरक ओळखता आला पाहिजे. हे काम पूर्वी रणगाड्यांवरच्या जड यंत्रांचं होतं. पहिला लेझर 1960 साली चालला, सैन्याने काही वर्षांतच त्यातून अंतर मोजायला सुरुवात केली आणि नव्वदच्या दशकात तेच तंत्र सामान्य गिऱ्हाइकाच्या खिशात आलं. आता गोल्फ खेळणारेही तेच वापरतात.

आज शे-दीडशे डॉलरपासून तीन हजार डॉलरच्या वरपर्यंत ही यंत्रं मिळतात. महागातल्या पुष्कळशा म्हणजे दुर्बीण आणि रेंजफाइंडर एकातच, लायका किंवा स्वारोव्हस्कीसारख्या कंपन्यांच्या. आता एवढा फरक कशाचा?

खोक्यावरचा आकडा

खोक्यावर मोठ्या अक्षरात "2000 यार्ड" लिहिलेलं असतं. तो आकडा खोटा नसतो, पण तो हरणाचा नसतो. तो चकाकणाऱ्या पाटीचा असतो, रस्त्यावर रात्री गाडीच्या दिव्यात लखलखते तशी. तिच्यावरून भरपूर प्रकाश परत येतो. झाडाच्या बुंध्यावरून कमी येतो, हरणाच्या केसाळ कातडीवरून आणखी कमी. म्हणून बारीक अक्षरात तीन आकडे दिलेले असतात: चकाकणारी वस्तू, झाड आणि हरीण. हरणाचा आकडा पहिल्याच्या निम्मा किंवा त्याहूनही कमी असणं काही नवल नाही. जाहिरातवाले कुठला आकडा मोठा छापतात हे वेगळं सांगायला नको. मोबाईलच्या बॅटरीच्या तासांसारखंच आहे हे.

त्यातही हा हरणाचा आकडा चांगल्या हवेतला. भर दुपारच्या उन्हात सूर्यप्रकाशाचा गोंगाट एवढा असतो की परत आलेली क्षीण झलक त्यात हरवते. धुक्यात आणि पावसात झलक वाटेतल्या थेंबांवरूनच परतते. त्यामुळे जाणकार शिकारी सांगतात की ज्या अंतरापर्यंत गोळी झाडणार त्याच्या दुप्पट तरी हरणाचा आकडा असलेलं यंत्र घ्या. चारशे मीटरच्या पलीकडे नेम धरणार नसाल तर दोन हजार डॉलर घालवण्यात अर्थ नाही.

पण ज्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं आणि ज्याने सगळ्यात जास्त घोळ होतो, ती गोष्ट म्हणजे झोताचा पसारा. लेझर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर सुईसारखी सरळ रेघ येते. प्रत्यक्षात तो टॉर्चच्या झोतासारखा पसरतो, फक्त खूप कमी. हा पसारा मिलिरेडियनमध्ये लिहितात. एक मिलिरेडियन म्हणजे हजार मीटरवर एक मीटर. बऱ्याच डब्यांचा झोत गोल नसून आयताकृती पट्टीसारखा असतो. समजा पसारा दीड बाय अर्धा मिलिरेडियन आहे, तर सहाशे मीटरवर ती पट्टी 90 सेंटिमीटर लांब आणि 30 सेंटिमीटर रुंद होते. ही पट्टी उभी असेल आणि माळरानावर हरीण उभं असेल, तर पट्टीचा खालचा भाग हरणाच्या कितीतरी अलीकडच्या गवतावर पडतो. वरचा भाग पाठीवरून मागच्या टेकाडावर जाऊ शकतो. मग यंत्राने आकडा कुणाचा सांगायचा? गवताचा, हरणाचा की टेकाडाचा?

यंत्र आत्मविश्वासाने एकच आकडा दाखवतं. तो चुकीचा असला तरी त्यावर तसं लिहिलेलं नसतं. डोळ्याने अंदाज करणारा माणूस निदान साशंक तरी असतो. पडद्यावर "612" असं लाल अक्षरात उमटलं की शंका घ्यायचं कुणाच्या मनात येत नाही.

यावर कंपन्यांनी उपाय काढलेत. एक सोय अशी की यंत्र सगळ्यात जवळून आलेला परतावा धरतं, तो गोल्फच्या झेंड्यासाठी बरा. दुसरी सोय सगळ्यात लांबचा धरते, ती झुडपाआडच्या जनावरासाठी बरी. कुठली चालू आहे हे न बघता वापरलं की गोंधळ. शिवाय दुर्बिणीत दिसणारा लाल ठिपका आणि खरा लेझर एकाच जागी पडतीलच असं नाही. तपासायला सोपी युक्ती आहे. दोन-तीनशे मीटरवरचा, मागे मोकळं आकाश असलेला विजेचा खांब निवडायचा आणि ठिपका डावीकडून उजवीकडे हळूहळू सरकवत सारखं बटण दाबायचं. आकडा नेमका कुठे यायला लागतो आणि कुठे थांबतो त्यावरून लेझर ठिपक्याच्या कुठल्या बाजूला पडतोय ते कळतं. हे दुकानाबाहेर उभं राहून पाच मिनिटांत होतं, तरी फार थोडे करतात.

उरलेल्या गोष्टी पटकन. पडद्यावरचे आकडे काळे असतील तर संधिप्रकाशात, म्हणजे जनावरं बाहेर पडतात नेमक्या त्याच वेळी, दिसत नाहीत. लाल उजळणारे बरे. आणि हात थरथरला तर सहाशे मीटरवर ठिपका हरणावर ठरतच नाही, म्हणून तिवईला लावायची सोय हवी. बॅटरी थंडीत लवकर बसते. या गोष्टी जाहिरातीत शेवटी असतात, जंगलात पहिल्या.

उताराचं गणित मात्र नीट समजून घ्यावं असं आहे. डोंगरावरून खाली तीस अंशाच्या उतारावर हरीण आहे आणि लेझरने 500 मीटर दाखवले. पण गुरुत्वाकर्षण गोळीला खेचतं ते सरळ खाली, त्यामुळे हिशोबात धरायचं ते आडवं अंतर, म्हणजे सुमारे 433 मीटर. पाचशेचा नेम धरला तर गोळी वरून जाते. जवळपास सगळ्या यंत्रांत आता हा हिशोब आपोआप होतो. गोल्फच्या स्पर्धांत नेमकी हीच सोय बंद ठेवावी लागते. 2021 च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये पहिल्यांदा अंतर मोजायची यंत्रं वापरायला परवानगी मिळाली, पण उताराचा हिशोब सांगणारी सोय वापरायची नाही या अटीवर. अंतर कळणं चालेल, उत्तर कळणं चालणार नाही. हा फरक लक्षात ठेवा, शिकारीचा वाद याच जागेवर अडलाय.

वाऱ्याचं काय?

महाग यंत्रं आता अंतर मोजून थांबत नाहीत. त्यात तापमान, हवेचा दाब मोजणारे सेन्सर असतात, ब्लूटूथने मोबाईलशी जोडतात, तुमच्या गोळीची माहिती भरून ठेवली की स्कोपची चकती किती फिरवायची तेच थेट सांगतात. पण वारा त्यांना समोरचा कळत नाही. तुमच्या हातातल्या वारामापकाला कळतो तो तुमच्या गालावरचा वारा. दरीच्या मध्यावर तो उलट वाहत असू शकतो.

500 मीटरवर ताशी 16 किलोमीटरचा आडवा वारा ही गोळी साधारण अर्धा मीटर बाजूला सारतो. वाऱ्याचा अंदाज फक्त पाच किलोमीटरने चुकला तरी पंधरा-सोळा सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणजे मर्माच्या बाहेर. शिवाय गोळीला तिथे पोचायला सेकंदाचा दोन तृतीयांश वेळ लागतो, 900 मीटरवर जवळपास दीड सेकंद. तेवढ्यात हरणाने एक-दोन पावलं टाकली तर लेझर, सेन्सर, ब्लूटूथ सगळं बरोबर असूनही गोळी चुकीच्या जागी.

थोडक्यात, रेंजफाइंडरने लांबच्या गोळीतला एक मोठा प्रश्न सोडवला आणि दोन तसेच ठेवले. घोळ असा झाला की एक सुटल्यामुळे लोकांना तिन्ही सुटल्यासारखे वाटतात.

अमेरिकेत राज्यं यात का पडली?

तिकडे शिकार कायदेशीर आहे, पण मोकाट नाही. प्रत्येक राज्य दरवर्षी ठरवतं की यंदा किती हरणं, किती एल्क मारू द्यायची. त्याप्रमाणे परवाने निघतात आणि मागणी जास्त असेल तिथे लॉटरी लागते. रायफल आणि काडतुसांवर 11 टक्के केंद्रीय कर आहे आणि 1937 च्या कायद्यानुसार तो पैसा वन्यजीव खात्यांकडे जातो.

आता हिशोब बघा. शंभर परवाने दिले आणि तीस जणांना शिकार मिळाली तर तीस जनावरं गेली. यंत्रांमुळे साठ जणांना मिळायला लागली तर खात्यापुढे दोनच मार्ग: परवाने निम्मे करा किंवा यंत्रं कमी करा. परवाने कमी केले तर लॉटरीत वर्षानुवर्षं नंबर न लागणारे लोक चिडतात. म्हणून युटासारख्या राज्याने दुसरा मार्ग धरला. तंत्रज्ञानावर विचार करायला समिती बसली आणि 2024 पासून जुन्या पद्धतीच्या, तोंडाकडून दारू ठासायच्या बंदुकांच्या हंगामात मोठं करून दाखवणारे स्कोप बंद झाले. झाडावर लावून ठेवायच्या कॅमेऱ्यांवर ॲरिझोना आणि युटाने त्याआधीच बंधनं घातली होती.

आयडाहोचा नियम जास्त बोलका आहे. तिथे मोठ्या जनावरांच्या शिकारीत शस्त्राला इलेक्ट्रॉनिक यंत्र जोडलेलं चालत नाही, प्रकाशित खुणेच्या स्कोपसारखे अपवाद सोडून. रायफलचं वजनही 16 पौंडांपेक्षा जास्त नको, कारण त्याहून जड रायफल ही खांद्यावर घेऊन डोंगर चढायची नव्हे, एका जागी मांडून लांबवर झाडायची असते. पण हातात धरायच्या रेंजफाइंडरला मनाई नाही. म्हणजे डबी हातात असली तर कायदेशीर, तीच स्कोपमध्ये बसवली तर बेकायदेशीर. कोलोराडोने "स्मार्ट रायफल" बंद केली ती 2013 च्या सुमारास टेक्सासमधल्या ट्रॅकिंगपॉइंट कंपनीने लक्ष्यावर खूण करून ठेवली की योग्य क्षणीच गोळी सोडणारी रायफल बाजारात आणली त्या जमान्यात.

यावर टीका होते की ही रेघ मनमानी आहे. हातातल्या डबीने सांगितलेला आकडा आणि स्कोपमध्ये उमटलेला आकडा यात जनावराच्या दृष्टीने काय फरक? टीका बरोबर आहे. तरी आम्हाला वाटतं रेघ अगदीच निरर्थक नाही. डबी खाली ठेवायची, रायफल उचलायची, चकती फिरवायची, परत नेम धरायचा, या सगळ्यात दहा-पंधरा सेकंद जातात आणि तेवढ्यात जनावर निसटूही शकतं. नियम त्या सेकंदांचं रक्षण करतो.

थिओडोर रूझवेल्ट यांनी 1887 साली सुरू केलेला बून अँड क्रॉकेट क्लब हा तिकडच्या शिकारीतला सगळ्यात वजनदार आवाज. त्यांनी लांबच्या गोळीबद्दल भूमिका घेताना मीटरचा आकडा सांगायचं टाळलं. त्यांचं म्हणणं अंतरापेक्षा हेतूवर आहे: जनावराजवळ जाता येत असताना फक्त बंदुकीची करामत बघायला कुणी मुद्दाम लांबून झाडत असेल तर ती शिकार नव्हे. ऐकायला छान. पण हेतू कुठला वनरक्षक मोजणार? 16 पौंड मात्र काट्यावर मोजता येतात, म्हणून कायदा तिकडे जातो.

दुसरी बाजूही ऐकायला हवी. पूर्वी तीनशे मीटरवर अंदाजपंचे झाडणारे आणि जनावरं जखमी करणारे काही कमी नव्हते. आज त्याच माणसाला यंत्र सांगतं की हे तीनशे नाही, चारशे दहा आहे, आणि शहाणा असेल तर तो बोट मागे घेतो. त्या "नाही"साठी साधी, दोन-तीनशे डॉलरची डबी पुरते. महागडी डबी लागते ती "हो" म्हणायला.

आपल्याकडे ही डबी कुणाच्या हातात असते?

मेळघाट, पेंच, ताडोबातल्या वनरक्षकांच्या. व्याघ्रगणनेत वाघांसोबत त्याचं खाद्यही मोजतात, म्हणजे चितळ, सांबर, रानगवे. त्यासाठी जंगलात आखलेल्या सरळ रेघेवरून पहाटे चालायचं, कळप दिसला की किती जनावरं, किती अंतरावर, कुठल्या कोनात हे लिहायचं. कोन होकायंत्र सांगतं, अंतर रेंजफाइंडर. त्यावरून एका चौरस किलोमीटरमागे किती चितळं हे काढतात. इथेही डोळा फसतो. अंतर सतत कमी लिहिलं गेलं तर हिशोबात चितळं जास्त निघतात आणि नसलेल्या चितळांच्या भरवशावर जंगल वाघांना पुरेसं आहे असं कागदावर दिसतं.

गावात शिरलेल्या बिबट्याला बेशुद्ध करतानाही अंतर लागतं. वायूच्या दाबावर चालणाऱ्या डार्ट बंदुकीचा दाब अंतराप्रमाणे ठरवतात. दाब कमी पडला तर डार्ट आधीच गळतो, जास्त झाला तर सुई खोल घुसून जनावराला इजा होते. हे अंतर वीस-तीस मीटरचं असतं, सातशे ऐंशी यार्डांचं नाही. भोवती मोबाईल उंचावलेली शंभर माणसं असतात आणि बिबट्या एका जागी बसून राहत नाही, त्यामुळे डॉक्टरला अंतर बघायला मिळतात ते दोन-तीन सेकंद.